अमाने बेरिसोचं टायमिंग

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘इथिओपियाच्या बायका इतक्या जोरात का पळतात?’ असा छापलाय. त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी एक भांडण मिटवायचंय.

आमच्या भागात एक रनिंग ग्रुप आहे. तुमच्याकडेही असेलच, हल्ली सोसायटीगणिक असतो. २६ ऑगस्ट २०२३ ला बुडापेस्टमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन झाली आणि इथिओपियाची अमाने बेरिसो जिंकली. वेळ २ तास २४ मिनिटं २३ सेकंद. मी हौसेने ग्रुपवर टाकलं. लगेच एका सद्गृहस्थांचं उत्तर: ‘गेल्या डिसेंबरात स्पेनच्या व्हॅलेन्सिया मॅरेथॉनला २:१४ होतं ना? दहा मिनिटांनी स्लो. फॉर्म गेला वाटतं.’ त्यावर धडाधड अंगठे. अहो, बाई जगज्जेती झाली! आणि हे लिहिणारे आमचे मित्र फुल मॅरेथॉनला पावणेसहा तास घेतात, त्यातला अर्धा तास फोटो काढण्यात जातो. (हसताय ते ठीक आहे, पण पुढच्या रांगेतले दोघे जरा ओशाळून हसतायत, तेव्हा ग्रुपमधले असावेत.)

माझा मुद्दा हाच. आपण कुठल्याही धावणाऱ्याला भेटलो की पहिला प्रश्न, ‘टायमिंग काय?’ कुठे पळालात, चढ होता का, ऊन किती होतं, सोबत कोण होतं, यातलं काही विचारत नाही. आणि अमानेची सगळी कारकीर्द या एका प्रश्नाने वाचली, तर ती कळतच नाही.

ही बाई आपल्या मुंबईत पळून गेली आहे, हे किती जणांना आठवतंय? १९ जानेवारी २०२०, मुंबई मॅरेथॉन. मी पेडर रोडच्या चढावर होतो, परतीच्या. पळणाऱ्यांना हा चढ नावानिशी माहीत आहे, कारण तो पस्तीस किलोमीटर पायाखालून गेल्यावर येतो, वर ऊन आणि समुद्राची चिकचिक. तिथले रहिवासी संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन उभे असतात. फोड घ्यायला आमच्यासारखे थांबतात. पुढच्या पंगतीतल्या बायका येतात तेव्हा ताट धरलेला हात तसाच राहतो, कारण बघेपर्यंत त्या गेलेल्या असतात. माझ्या शेजारच्या काकूंनी ‘अगं, पाणी तरी घे!’ म्हणेपर्यंत ही बाई केम्प्स कॉर्नरच्या दिशेने दिसेनाशी झाली. तिने वेळ दिली २:२४:५१, म्हणजे सगळा रस्ता किलोमीटरमागे साडेतीन मिनिटांच्या आत. स्पर्धेचा विक्रम होता २:२४:३३, केनियाच्या व्हॅलेंटाइन किपकेटरचा, २०१३ चा. अठरा सेकंदांनी हुकला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठा फोटो कुणाचा? हिरवा झेंडा दाखवणाऱ्यांचा. तिच्या वाट्याला ‘आफ्रिकन धावपटूंचे वर्चस्व’ या मथळ्याखालचं एक वाक्य. त्यातही बेरिसो हे तिच्या वडिलांचं नाव, तिकडे आडनाव नसतंच. म्हणजे शर्यत जिंकली हिने आणि छापून आले वडील.

त्याच दिवसाचा पुरुषांचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. देरारा हुरिसा हा इथिओपियन पोरगा उसन्या बुटांवर पळाला, कारण त्याचे स्वतःचे प्रवासात हरवले. उसन्या बुटांवर २:०८:०९, स्पर्धेचा विक्रम! पुढे २०२१ मध्ये व्हिएन्नात तो पहिला आला आणि बाद झाला. का? बुटाचा तळ नियमापेक्षा एक सेंटिमीटर जाड. माणसाच्या पत्रिकेतच चपलाबूट आडवे असतात काही वेळा.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’ असं लिहून पाच खोडलंय. उपकार आहेत.

तर भराभर. २०१६ ला दुबईत अमानेची पहिलीच मॅरेथॉन, २:२०:४८, दुसरा नंबर. पुढची कित्येक वर्षं त्याहून चांगली वेळ नाही. मुंबईनंतर कोरोना आणि मोठा खंड. ऑगस्ट २०२२ ला मेक्सिको सिटी जिंकली, २:२५:०५. आमच्या मित्रांच्या हिशेबाने बाई संपली. पण ते शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे, तिथे हवाच विरळ. त्यानंतर सव्वातीन महिन्यांत व्हॅलेन्सिया: सपाट रस्ता, डिसेंबरची थंडी, आणि पेसर, म्हणजे ठरलेला वेग धरून पुढे पळणारे सोबती. सगळ्यांचे डोळे इथिओपियाच्याच लेतेसेनबेत गिदेवर, पाच हजार, दहा हजार मीटर आणि हाफ मॅरेथॉन असे तिन्ही विश्वविक्रम तेव्हा तिच्या नावावर. जिंकली अमाने, २:१४:५८. तोवर जगात दोघीच याहून जोरात पळाल्या होत्या. गिदे जवळजवळ दोन मिनिटं मागे.

आणि मग बुडापेस्ट: ऑगस्टचं ऊन, पेसर नाहीत, त्याच त्या रस्त्यावर फेऱ्या, गतविजेती, तीही इथिओपियाचीच, गोतितोम गेब्रेस्लासे मागे लागलेली. अकरा सेकंदांनी सुवर्ण. वेळ मुंबईपेक्षा फक्त अठ्ठावीस सेकंदांनी कमी. एक्सप्रेस-वेवरच्या वेळेशी वरंधा घाटाची वेळ ताडून ड्रायव्हर वाईट ठरवतो का आपण? २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या चढउतारांवर २:२३:५७, बुडापेस्टपेक्षा सव्वीस सेकंदांनी जलद, आणि नंबर पाचवा! तिथे नेदरलँड्सच्या सिफान हसनने इथिओपियाच्या तिगिस्त असेफाला तीन सेकंदांनी मागे टाकून सुवर्ण घेतलं ते सगळ्यांनी पाहिलं, पाचवीकडे कोण बघतो.

आता पत्रिकेतला प्रश्न, दोन मिनिटांत. ‘लहानपणी शाळेत पळत जायच्या म्हणून’ हे उत्तर कृपा करून विसरा. आपल्याकडेही पोरं मैलोन्‌मैल चालत शाळेत गेलीत, त्यातून फारतर शिक्षक झाले. त्यांची राजधानी अदिस अबाबाच उंचावर, सरावाचा एन्तोतोचा डोंगर आणखी उंच. एकटं कुणी पळत नाही, प्रशिक्षकाचा गट असतो आणि त्यात रोज शेजारीच जागतिक दर्जाची बाई. शिवाय ऑलिंपिकला देशाला जागा तीनच, त्यामुळे देशातल्या देशात निवड होणंच कधीकधी शर्यतीहून अवघड. चौथा मुद्दा बक्षिसाच्या पैशांचा, तो सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच राहिला. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा, म्हणजे अध्यक्षांना मला थांबवता येणार नाही.