ट्रकची फेरी आणि टर्मिनलची जागा

उपस्थित श्रोतेहो,

रेल्वे आणि ट्रक यांच्या जोडवाहतुकीचे टर्मिनल कोठे असावे, हा विचार बहुतेक वेळा जमिनीच्या भावापासून सुरू होतो. माझ्या मते तो तेथून सुरू होऊ नये. रुळांवरून शेकडो किलोमीटर येणाऱ्या कंटेनरचा किलोमीटरमागचा खर्च कमी असतो. खर्च वाढतो तो दोन्ही टोकांना, म्हणजे क्रेनने कंटेनर उचलायचा आणि ट्रकने तो कारखान्यापर्यंत किंवा गोदामापर्यंत न्यायचा तेथे. लांब पल्ल्यात वाचलेले पैसे या दोन टोकांना पुरून उरले तरच माल रेल्वेकडे येतो. एरवी माल पाठवणारा सगळा प्रवास ट्रकनेच करतो. म्हणून जागेची परीक्षा ट्रकच्या एका पूर्ण फेरीवर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

ही फेरी जरा जवळून पाहू. ट्रक प्रवेशद्वाराशी येतो. कंटेनरवरचा चार अक्षरे आणि सात अंक असलेला क्रमांक नोंदला जातो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो, त्यामुळे नोंदीत चूक झाली तर ती बहुधा तेथेच उघडकीस येते. सील शाबूत आहे का, पत्रा कोठे चेपला आहे का, हे पाहिले जाते. मग ट्रक यार्डात शिरतो, रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारे चाकांवरचे यंत्र) मोकळा होण्याची वाट पाहतो, ट्रेलरच्या कोपऱ्यांवरची कुलपे उघडली की कंटेनर उचलला जातो, आणि परतीचा कंटेनर मिळाला नाही तर ट्रक रिकामाच बाहेर पडतो. चालकाचा दिवस दहा तासांचा आणि फेरी दोन तासांची धरली, तर पाच फेऱ्या होतात. तीच फेरी प्रवेशद्वाराच्या रांगेमुळे चाळीस मिनिटांनी लांबली, तर दिवसभरात तीनच पुऱ्या होतात. ट्रकचा हप्ता, विमा आणि चालकाचा पगार तेवढाच राहतो, पण तो आता पाचऐवजी तीन फेऱ्यांतून वसूल करावा लागतो. दूरच्या स्वस्त जमिनीत वाचलेली रक्कम एकदाच वाचते. लांबलेल्या फेरीचा भुर्दंड टर्मिनल चालू असेपर्यंत रोज बसतो.

रेल्वेच्या बाजूने पाहिले तर जागा लांब, सरळ आणि सपाट हवी. युरोपच्या मुख्य मार्गांच्या नियोजनात ७४० मीटर लांबीची मालगाडी प्रमाण मानली जाते; उत्तर अमेरिकेत कंटेनरगाड्या याहून कितीतरी लांब असतात. क्रेनखालचा रूळ गाडीपेक्षा आखूड असला, तर गाडी तोडून दोन-तीन रुळांवर लावावी लागते आणि निघताना पुन्हा जोडून ब्रेक तपासावे लागतात. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर आणखी एक अडचण असते : कंटेनर वरून उचलायचा असल्याने क्रेनखाली ओव्हरहेड वायर ठेवता येत नाही. त्यामुळे काही ठिकाणी विजेचे इंजिन पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, खाली घेऊन केवळ वेगाच्या जोरावर गाडी आत आणते, तर इतरत्र डिझेल इंजिन लावून डबे ढकलावे लागतात. हे सारे पहिल्याच नकाशात ठरले पाहिजे. जमिनीच्या भक्कमपणाचेही तसेच आहे. भरलेला कंटेनर उचलला की मोठ्या रीच स्टॅकरच्या पुढच्या आसावर शंभर टनांच्या आसपास भार येतो, आणि भरावाच्या जमिनीवर पाया नीट केला नसेल तर फरशी खचू लागते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले एलवुड हे उदाहरण मला फार बोलके वाटते. शिकागोच्या नैर्ऋत्येला असलेल्या जोलिएट येथील जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर २००२ मध्ये तेथे टर्मिनल सुरू झाले. सलग सपाट जमीन, लागून रेल्वेमार्ग आणि हाताशी महामार्ग, असा योग क्वचितच जुळतो. भोवती गोदामे उभी राहिली, हे उत्तमच झाले, कारण शेजारच्या गोदामापर्यंतची ट्रकची फेरी अगदी लहान होते. पण ट्रकची वर्दळ आसपासच्या गावांच्या रस्त्यांवरही आली आणि तो कडवट वादाचा विषय बनला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अलामेडा कॉरिडॉर खुला झाला. बंदरांपासून शहराच्या मध्यभागाजवळच्या यार्डांपर्यंतचा हा सुमारे ३२ किलोमीटरचा मार्ग जवळपास निम्मा खोल चरातून नेल्याने रेल्वे फाटकांवरचा खोळंबा टळला. तेथे टर्मिनलच्या कुंपणाबाहेरच्या वाहतुकीसाठी मुद्दाम पैसा खर्च केला गेला, आणि मला तो योग्य वाटतो.

हा कुंपणाबाहेरचा भागच आराखड्यांत सर्वांत कच्चा राहतो. रेल्वे रुळांचा विचार करते, विकासक गोदामांचा करतो, आणि दोहोंना जोडणारा रस्ता तिसऱ्याच यंत्रणेच्या हाती असतो. गाडी पहाटे आली तर सकाळच्या दोन-तीन तासांत ट्रकची झुंबड उडते, म्हणून दिवसाची सरासरी काढून रस्त्याची रुंदी ठरवणे धोक्याचे आहे. गाड्यांचे वेळापत्रक आणि गर्दीच्या तासातील ट्रकची संख्या एकाच कागदावर मांडावी, रांग रस्त्यावर न येता आवारातच मावेल इतकी जागा प्रवेशद्वाराच्या आत सोडावी, आणि महामार्गापर्यंतचा रस्ता कोण, कोणत्या पैशातून आणि कधीपर्यंत बांधणार, हे जमिनीचा करार होण्यापूर्वी लेखी घ्यावे.