जुन्या गोव्याच्या हिरवळीवरचं लाल कपेल

(सकाळ. दव पडलेली हिरवळ. मागे पांढरंशुभ्र से कॅथेड्रल.)

एवढ्या सकाळी इथे झाडलोट करणारे सोडले तर कुणी नसतं. थोड्या वेळात बसगाड्या येतील. लोक सेसमोर फोटो काढतील आणि रस्ता ओलांडून बॉम जेझू चर्चकडे, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जातील. आपण उलटं जाऊ या. से मागे टाकायचं, असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च ओलांडायचं आणि पश्चिमेला चालत राहायचं. पायाखालच्या या हिरवळीच्या जागी एके काळी गजबजलेलं शहर होतं.

आणि हे संत कॅथरिनचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर.

25 नोव्हेंबर 1510. संत कॅथरिनच्या सणाचा दिवस. त्याच दिवशी पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून हे शहर घेतलं आणि वेशीपाशी तिच्या नावाने छोटंसं कपेल बांधलं. शहरातल्या मुसलमान रहिवाशांची तेव्हा कत्तल झाली. 1534 मध्ये पोप पॉल तिसरे यांनी या एवढ्याशा वास्तूला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा दिला. 1550 मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल यांनी ती वाढवली, आणि अल्बुकर्क ज्या दारातून शहरात शिरला ते दार इथेच होतं, असं दगडात कोरून ठेवलं. पुढे 1562 मध्ये शेजारी सेचं काम सुरू झालं. धाकट्याचा मान थोरल्याकडे गेला. नाव मात्र दोघांचं एकच, संत कॅथरिन.

(भिंत, अगदी जवळून. चिऱ्यावरून फिरणारा हात.)

हा जांभा. खाणीत मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. कोकणात काय, गोव्यात काय, घर बांधायचं म्हटलं की चिरा आलाच. पण ही भोकं बघा. जांभा पाणी पितो. आणि गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो.

म्हणून जुने गवंडी चिरा उघडा ठेवत नसत. शिंपले भट्टीत भाजायचे, ती चुनकळी पाण्यात विरवायची, चुना चांगला मुरू द्यायचा. मग वाळू मिसळून गिलावा, आणि गिलाव्यावर चुन्याचा पांढरा हात. चुना पाऊस अंगावर घेतो आणि आत शिरलेली ओल पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंटला हे जमत नाही. पावसाळा सरला की पुन्हा नवा हात, असं वर्षानुवर्षं चालायचं. सेचा पांढरा रंग नुसत्या शोभेचा नाही.

बॉम जेझूचा गिलावा 1950च्या दशकात उतरवला गेला. तेव्हापासून लाल चिरा म्हणजेच जुनेपणा, अशी आपल्या डोळ्यांना सवय झाली. कपेलची पुनर्बांधणी 1952 ची, झेवियर यांच्या निधनाला 400 वर्षं झाली त्या वर्षातली. आज तेही उघड्या चिऱ्यांतच उभं आहे. 1986 पासून इथली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स जागतिक वारसा यादीत आहेत.

उघडा चिरा दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो. या भिंतींना त्यांचा चुना मिळायला हवा.

(जुलै. धो धो पाऊस. हिरवळीवर माणूस नाही.)

आता फक्त भिंतीकडे बघा. वरून खाली ती कशी गडद होत जाते.