जाग आली की हलू नका

(काळा पडदा. पंख्याचा आवाज. हळूहळू खोली दिसते.)

पहाटेचे साडेपाच. कोथरूडमधली ही भाड्याची खोली, आणि ही मुलगी जागी झालीये, पण बघा, हललेली नाही. डोळे मिटलेले, कूस तीच, हात उशीखाली होता तसाच. बघणाऱ्याला वाटेल गाढ झोपलीये, पण तिचं काम सुरू झालंय. जाग आली तेव्हा मनात जे होतं, एखादा चेहरा किंवा नुसतीच भीती, तेवढं धरून ती मागे मागे चाललीये, याच्या आधी काय झालं, त्याच्या आधी कुठे होते, असं शेवटाकडून सुरुवातीकडे. काहीच सापडलं नाही तर हळूच कूस बदलायची, ज्या कुशीवर नेहमी झोपतो त्या कुशीवर, आणि परत शोधायचं.

हिला ल्युसिड ड्रीमिंग शिकायचंय. म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे हे कळणं. इंटरनेटवर बहुतेक जण थेट आकाशात उडण्यापासून सुरुवात करतात, आणि आमचा आग्रह इथेच आहे की आधी स्वप्नं आठवायला शिका, कारण रात्री स्वप्नात जागे झालात आणि सकाळी सगळं पुसलं गेलं तर तुमच्या लेखी ते घडलंच नाही.

(वही जवळून.)

ही तिची वही. साधी दोनशे पानी, आणि पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधलेली, कारण अंधारात चाचपडत बसलं की तेवढ्यात स्वप्न जातं. पेन्सिल अशासाठी की आडवं पडून वही वर धरली की बॉलपेन उमटत नाही. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर. मोबाईल खोलीच्या बाहेर चार्जिंगला, आणि हे फार महत्त्वाचं आहे, एक नोटिफिकेशन वाचलं की रात्रभराचं गेलं.

अक्षर बघा, ओळीवर ओळ चढलीये. सुरुवातीच्या पानांवर नुसती तारीख आणि खाली "काही आठवत नाही, पण मन जड आहे". तेही लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही. मग हे बघा, "पाणी. जिना. आजीचं घर पण ओटा उलट्या बाजूला". पुढे अर्धं पान, पुढे दोन-दोन पानं. सगळं "मी चालतेय", "मी बघतेय" असं, जणू आत्ता चाललंय. अर्थ काय, शकुन-अपशकुन काय, यातलं एक अक्षर नाही, तो भाग वेगळा.

(ग्राफ: रात्रभराची झोप.)

पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात, ते खरं होतं की नाही सोडा, पण आठवतं मात्र पहाटेचंच. 1953 मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीत युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक वेळी डोळे भराभर हलतात आणि तेव्हा उठवलं तर बहुतेक वेळा स्वप्न आठवतं. हीच आरईएम झोप. साधारण 90 मिनिटांच्या प्रत्येक चक्रात ती येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून उशिरा झोपून अलार्मवर उठणारा माणूस आपल्या स्वप्नांचा मोठा भाग रोज घालवतो. शिवाय या झोपेत नॉरॲड्रेनालिन हे मेंदूतलं रसायन अगदी कमी असतं, त्यामुळे आठवण नीट बसत नाही असं मानतात. तुमची स्मरणशक्ती कमजोर आहे असं अजिबात नाही.

(जुनं रेखाचित्र.)

हा फ्रान्सचा हर्वे द सँ-दनी. तेराव्या वर्षापासून स्वप्नं लिहायला आणि त्यांची चित्रं काढायला लागला. 1867 मध्ये स्वप्नांवरचं त्याचं पुस्तक आलं तेव्हा हाताशी होत्या 22 वह्या आणि 1,946 रात्रींच्या नोंदी. स्वप्नात असल्याचं भान पहिल्यांदा आलं ते 207 व्या रात्रीच्या नोंदीत. म्हणजे आधी कितीतरी रात्री नुसतं लिहिणं!

(परत खोली. टॉर्च बंद होतो.)

लिहून झालं की ती परत झोपते, आणि ही पद्धत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत ल्युसिड ड्रीमिंगवर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांची. आत्ताच आठवलेलं स्वप्न डोळ्यांपुढे आणायचं, त्यात आपल्याला कळलंय असं बघायचं, आणि मनात म्हणत राहायचं, पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे माझ्या लक्षात येईल. आठवलेलं स्वप्नच नसेल तर हे करणार कशावर?

झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी पेंग येते, आणि मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

(वहीची पानं. लाल पेन्सिलच्या रेघा.)

दर रविवारी ती मागची पानं वाचून परत परत येणाऱ्या गोष्टींखाली लाल रेघ मारते. एसटी स्टँड, एसटी स्टँड, परत एसटी स्टँड, आणि प्रत्येक वेळी गाडी सुटलेली. म्हणून हल्ली दिवसा खऱ्या स्टँडवर गेली तरी ती थांबते, बोर्ड वाचते, नजर वळवते, पुन्हा वाचते. स्वप्नात अक्षरं सहसा जागेवर राहत नाहीत, आणि दिवसाची ही सवय स्वप्नातही उतरली की ते लक्षात येतं.

आणि हे पान. "स्टँड. गाडी सुटतेय. बोर्डावर नाशिक. परत बघितलं तर भलतंच काहीतरी. हे स्वप्न आहे!!" खाली छोट्या अक्षरात, "लगेच जाग आली, हलले नाही". आता स्वप्नात जास्त वेळ टिकायला शिकायचंय, त्यासाठी स्वप्नातच तळहात एकमेकांवर चोळत राहायची एक युक्ती आहे, ती करून बघणं चालू आहे. वही दुसरी सुरू झालीये.