चढतं पाणी, उतरतं पाणी

(दृश्य: सत्तरीतली म्हादई, जुलै महिना. लालसर पाणी, दोन्ही काठांना झाडी. सुरुवातीला फक्त नदीचा आवाज.)

म्हादईचा उगम कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात. तिथून ती सह्याद्री उतरून गोव्यात सत्तरी तालुक्यात येते आणि पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. समुद्रापासून आत सुमारे 50 किलोमीटर, गांजेपर्यंत, भरती-ओहोटीचा परिणाम पोचतो. तिथवरच्या नदीला समुद्राचं ऐकावं लागतं. गांजेच्या वरची नदी मात्र फक्त पावसाचं ऐकते. आपण आज त्या वरच्या नदीकडे आलो आहोत, पावसाळ्यात इथे कयाकच्या सहलीचं नियोजन कसं करायचं ते पाहायला.

उन्हाळ्यात हीच नदी दगडांमधून वाट काढत जाते आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. मृग लागतो, आर्द्रा कोसळते आणि पंधरा-वीस दिवसांत तिचं रूप पालटतं. 2012 च्या पावसाळ्यापासून उस्ते ते सोनाळ या सुमारे 10 किलोमीटरच्या पट्ट्यात पर्यटकांना राफ्टिंग करता येऊ लागलं. रॅपिडची, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या वेगवान पाण्याची, अवघडपणाची श्रेणी एक ते सहा धरली, तर हा पट्टा साधारण दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत बसतो. पाणी मापात असेल तेव्हाच.

राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या होडीत, आठ-दहा माणसं असतात आणि मागे नदी ओळखणारा गाईड. कयाक म्हणजे एकट्याने वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. तिच्यात प्रत्येक जण आपल्या होडीचा तांडेल. सहा जण निघाले तर सहा होड्या, सहा वल्ही आणि सहा वेगवेगळ्या तयारीची माणसं. म्हणून कयाकच्या सहलीचं नियोजन राफ्टिंगपेक्षा कितीतरी कडक असावं लागतं, आणि ते सुरू होतं पाण्याच्या पातळीपासून.

(दृश्य: चोर्ला घाटातून दिसणारं ढगांनी भरलेलं खोरं.)

ही पातळी इतक्या झपाट्याने का बदलते? सह्याद्रीचा माथा आणि सत्तरीचा तळ यांत अंतर थोडं आणि उतार भरपूर. वर पडलेलं पाणी रेंगाळत नाही. एक साधा हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर हजार घनमीटर पाणी होतं. आता शंभर चौरस किलोमीटर डोंगरावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला असं धरा, आणि त्यातलं निम्मं पाणी सहा तासांत नदीत उतरलं असं माना. नदीत दर सेकंदाला सरासरी सुमारे 116 घनमीटर पाण्याची भर पडते. पन्नास मिलिमीटर पाऊस घाटमाथ्यावर जुलैत काही मोठी गोष्ट नाही.

निम्मं पाणी, हे आपण गृहीत धरलं. प्रत्यक्षात ते नक्षत्रावर अवलंबून असतं. मृगाचा पाऊस तापलेली माती पिऊन टाकते, नदी हळूहळू वाढते. पुनर्वसू-पुष्य येईतो माती तुडुंब झालेली असते. मग पडलेली प्रत्येक सर ओहोळातून थेट नदीत येते. त्यामुळे जूनच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस पाऊस तेवढाच मोजला गेला, तरी नदी तेवढीच वाढत नाही. मागच्या महिन्यातला अनुभव या महिन्यात जसाच्या तसा वापरणं म्हणूनच धोक्याचं.

उस्त्याला ऊन पडलं आहे आणि नदी चढते आहे, असंही होतं. पाऊस वर पडलेला असतो. घाटमाथ्यावरच्या, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा परिसर मोठा विलक्षण आहे. तिथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, आणि त्याच भागातला कळसा ओढा म्हादईला मिळून अरबी समुद्राकडे येतो. म्हणून सहलीच्या आदल्या रात्री आणि सकाळी खानापूर, कणकुंबीच्या बाजूला एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करणं हे नियोजनातलं पहिलं काम. तिकडे मराठी घरोघरी बोललं जातं, विचारणं अवघड नाही. "रात्री किती पडला? अजून पडतोय का? ओढे कसे आहेत?" एवढे तीन प्रश्न पुरतात.

दुसरं काम हवामान खात्याचा इशारा पाहण्याचं. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस धरतात, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.4 च्या पुढे अत्यंत जोरदार. पण हे आकडे दिवसभराचे असतात आणि कयाकला तासांशी काम असतं. पणजीला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. निघण्याआधी त्या रडारच्या चित्रावर घाटमाथ्याकडे सरकणारे ढग पाहता येतात. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर होड्या गाडीवर चढवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: काठावर रोवलेली काठी. तिच्यावर रंगाच्या रेघा. कॅमेरा काठीवर बराच वेळ थांबतो.)

आता नदीकाठी येऊ. इथे घाई करायची नाही. नदी किती आहे, हे सगळेच पाहतात. पाहायचं ते हे, की ती चढते आहे का उतरते आहे. उतरत्या पाण्याच्या कडेला वर ओल्या गाळाची, पानांची रेघ राहिलेली दिसते. चढत्या पाण्यात काठचं गवत बुडत असतं, रंग अधिक गढूळ होत असतो आणि मधूनच काटक्या, सुकी पानं, ओंडके वाहून येऊ लागतात. पण पाऊस पडत असला की सगळंच ओलं, कुठली रेघ नि कुठलं काय. तेव्हा काठी रोवायची. पाण्याच्या कडेला काठी, तिच्यावर खूण, आणि अर्धा तास थांबायचं. होड्या उतरवणं, हेल्मेट-जॅकेट तपासणं, न्याहारी, सगळं त्या अर्ध्या तासात होतं. पण काठीवर नजर ठेवण्याचं काम एकाच माणसाकडे द्यावं, नाहीतर ते कुणाचंच राहत नाही.

एकाच खुणेवरचं चढतं आणि उतरतं पाणी ही दोन वेगळी पाण्यं आहेत. उतरत्या पाण्यात पुढच्या दोन तासांत नदी आताच्यापेक्षा सौम्य होईल असा अंदाज बांधता येतो. चढत्या पाण्यात पुढचा रॅपिड आपण पोचेपर्यंत कसा झालेला असेल, हे काठावर उभं राहून कळत नाही. त्यात ओंडकेही आपल्यासोबत निघालेले असतात. काठी अर्ध्या तासात बोटभर जरी बुडाली, तरी आणखी अर्धा तास थांबावं. दुसऱ्यांदाही बुडाली तर त्या दिवशी नदीत उतरू नये.

यासाठी दोन खुणा घरी बसूनच ठरवायच्या. एखादा ठळक खडक किंवा पुलाचा खांब निवडायचा. खालच्या खुणेच्या खाली पाणी असेल तर होडी दगडांवर घासते, अडकते, आणि उलटली तर डोकं दगडावर आपटायची भीती असते. कमी पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा समज इथे सोडावा लागतो. वरच्या खुणेच्या वर पाणी गेलं की सहल रद्द. ही वरची खूण नदीकाठी ठरवायला गेलं तर ती हमखास वर सरकते. म्हापशाहून, फोंड्याहून पहाटे निघालेली माणसं असतात, रजा टाकलेली असते, होड्या भाड्याने आणलेल्या असतात. "एवढं आलोच आहोत तर" हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघतंच. घरी ठरवलेली खूण त्या वाक्याला उत्तर देते.

वरच्या खुणेच्या पलीकडे नेमकं काय बदलतं, तेही समजून घ्या. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. खडकांमागे जी शांत जागा असते, जिथे कयाक वळवून दम घेता येतो, मागच्यांची वाट पाहता येते, ती खडक बुडाला की नाहीशी होते. एरवी होडीतून पडलेला माणूस पन्नास-शंभर मीटरमध्ये काठाला लागतो. भरल्या नदीत तो कितीतरी लांब वाहत जातो. आणि पाणी पात्र सोडून झाडीत शिरतं. सत्तरीत काठावर बांबूची बेटं, कुळागरं (सुपारीच्या बागा), पाण्यावर ओणवी झालेली झाडं. त्यांच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस आणि होडी अडकून राहतात. समोर असं झाड दिसलं तर त्याच्या दिशेने वाहत जाणं कुठल्याही परिस्थितीत टाळायचं.

(दृश्य: वसंत बंधारा. फळ्या काढलेल्या, पाणी वरून सपाट वाहतंय.)

हे दृश्य नीट पाहा. गोव्यात ठिकठिकाणी असे वसंत बंधारे आहेत. पावसाळा संपला की पाणी अडवायला त्यांना फळ्या लावतात, उन्हाळ्याच्या शेवटी काढतात. फळ्या निघाल्या तरी खांब आणि पाया तिथेच असतो. भरल्या नदीत वरून दिसते फक्त एक गुळगुळीत, आडवी रेघ. रेघेच्या खाली पाणी उलटं फिरत असतं, पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढणारं. नैसर्गिक रॅपिडमध्ये कडेने बाहेर पडायला बहुधा वाट असते. इथे ते उलटं फिरणारं पाणी काठापासून काठापर्यंत सलग असतं. जॅकेट घातलेला, पोहणारा माणूससुद्धा त्यात अडकून राहतो. म्हणून पूर्ण पट्टा आधी काठाने चालून किंवा गावकऱ्यांना विचारून पाहायचा, आणि वाटेत बंधारा असला तर त्याच्या बरंच आधी बाहेर पडून होडी खांद्यावर घ्यायची. गावात विचारताना कोंड, म्हणजे खोल डोह, कुठे आहेत, कुठे माणसं बुडाली आहेत, हेही विचारा. नदीकाठच्या माणसाला ते ठाऊक असतं आणि तो ते मनापासून सांगतो.

7 जुलै 2024, रविवार. सत्तरीतल्या पाली धबधब्यावर गेलेली सुमारे 80 माणसं वाटेतली नदी अचानक फुगल्यामुळे पलीकडे अडकली. पोलीस आणि अग्निशमन दलाने त्यांना सोडवलं. ती कयाक चालवणारी माणसं नव्हती, पायी गेली होती. जाताना नदी ओलांडता आली होती, एवढंच. आणि 23 जुलै 2021 चा पूर सत्तरी विसरलेली नाही. म्हादईने घरं, बागायती उद्ध्वस्त केल्या. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्री म्हणाले होते.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेकदा नद्या, धबधबे, बंधाऱ्यांत उतरण्यावर बंदीचे आदेश काढतात. वरचा बराच भाग म्हादई अभयारण्यात येतो, 1999 पासून संरक्षित. आदेश आणि वन खात्याची परवानगी या दोन्हींची चौकशी तारीख ठरवण्याआधी करावी.

(दृश्य: शांत कोंडात कयाकचा सराव. एक होडी उलटते, पुन्हा सरळ होते.)

आता माणसं. गटात सगळ्यांत कच्चा कोण आहे, त्याच्या तयारीवरून पाण्याची वरची खूण ठरते. उलटलेली कयाक पाण्याखालूनच सरळ करणं, म्हणजे रोल, आणि नाहीच जमलं तर स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून होडीच्या तोंडावर ताणलेलं आवरण) ओढून बाहेर पडणं, या दोन्हींचा सराव शांत पाण्यात झालेला असावा. पहिल्यांदा नदीत येणाऱ्याला जुलैच्या म्हादईत आणू नये. त्याला सप्टेंबरमध्ये, उत्तरा नक्षत्रात आणा. पण त्या दिवसांत दुपारनंतर विजांचा पाऊस होतो, तेव्हा दोनच्या आत पाण्याबाहेर.

पुढे सगळ्यांत जाणता, मागेही तितकाच जाणता. मधल्यांनी पुढच्याला आणि मागच्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. प्रत्येक शांत जागी थांबून डोकी मोजायची. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून खुणा: वल्हं उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा, शिट्टी तीनदा वाजली तर संकट. प्रत्येकाकडे पंधरा-वीस मीटरची फेकदोरी हवी, आणि ती फेकून पाहिलेली हवी. होडीतून पडलात तर पाठीवर, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला तोंडावर पाडतं, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यातही माणूस जातो. हे एक वाक्य गटातल्या प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावं.

आणखी एक ठराव. गटातल्या कुणीही, अगदी नवख्यानेही, "मी उतरत नाही" म्हटलं तर त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही. आपण जिथे नदीतून बाहेर पडणार, त्या काठावर तो गाडी घेऊन जातो. तिथे कुणीतरी लागतोच.

त्या काठावरच्या माणसाचं काम मोठं आहे. आपण बाहेर पडणार ती जागा पाण्यातून ओळखू यावी म्हणून तो झाडाला भडक कापड बांधतो. त्याच्याकडे नावांची यादी आणि ठरलेली वेळ असते. ती वेळ टळून अर्धा तास झाला की तो 112 ला फोन लावतो. सत्तरीच्या खोऱ्यात मोबाईलला सगळीकडे रेंज नाही, तेव्हा फोन कुठून लागतो ती जागा त्याने सकाळीच पाहून ठेवायची. वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्राची वाटही.

(दृश्य: होड्या काठावर. एक जण वहीत लिहितोय.)

बाहेर पडल्यावर आधी डोकी मोजा, मग काठावरच्याला आणि गावातल्या माणसाला सांगा की सगळे आले. अंगावर जखम असेल तर ती साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा, पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची भीती असते. आणि कपडे बदलण्याआधी वहीत लिहा: तारीख, वेळ, खुणेपासून पाणी किती वर किंवा खाली, घाटमाथ्यावर आदल्या रात्री किती पडल्याचं फोनवर कळलं, नदी चढत होती की उतरत होती, आणि कुठल्या खडकामागची थांबायची जागा नाहीशी झाली होती. ही वही पुढच्या गटाला द्या.