छोटं अनुदान आणि कोकणातली सिनेगॉग

श्रोतेहो, नमस्कार.

रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण. रायगड जिल्ह्यातल्या या गावांत बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं एकेक जुनं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. रेवदंड्याचं १८४२चं, अलिबागचं १८४८चं, पनवेलचं १८४९चं आणि पेणचं १८६३चं. ती बांधली तेव्हा अवतीभवती तेलाचे घाणे चालवणारी, शेती करणारी, पलटणीतून पेन्शन घेऊन गावी परतलेली पुष्कळ कुटुंबं होती. १९४८नंतर बहुतेक जण टप्प्याटप्प्यानं इस्रायलला गेले. इमारत, कबरस्तान आणि त्यांची निगा राखणारी मोजकी घरं मागे राहिली.

मोठ्या देणग्यांच्या बातम्या होतात. मुंबईत काळा घोडा भागातलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९मध्ये डागडुजीनंतर पुन्हा खुलं झालं, ते आपण वाचलं असेल. गावातल्या सिनेगॉगचा प्रश्न मात्र पन्नास हजार, लाख, फार तर दोन लाखांचा असतो. आज बोलायचं आहे ते या रकमांबद्दल.

अर्ज बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत पडतो. तिथे लिहिलेलं असतं, 'सिनेगॉगच्या देखभालीसाठी साहाय्य मिळावं.' देखभाल कधी संपत नाही, आणि जे संपत नाही त्याला छोटं अनुदान देणारा हात आखडता घेतो. विजेचं बिल, राखणदाराचा पगार, घरपट्टी हे वर्षानुवर्षं चालणारे खर्च. त्यांना समाजाची वर्गणी हवी, नाहीतर ठेवीचं व्याज हवं. अनुदानाला काम असं द्यावं की ते सुरू झालं आणि संपलं हे तिऱ्हाइताला डोळ्यांनी दिसेल.

छपराचंच घ्या. समजा, कौलारू छपराची एक बाजू गळते आणि तिचं क्षेत्र ऐंशी चौरस मीटर आहे. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे बाराशे झाली. चढवता-उतरवताना फुटतात, म्हणून दहा टक्के जादा धरा, एकूण १,३२०. जुनी कौलं उतरवल्याशिवाय वाळवी किती रिपांना आणि वाशांना लागली आहे ते कळत नाही. त्यामुळे लाकडाचा आकडा अंदाजानं लिहावा आणि तो अंदाज आहे हेही लिहावं. देणाऱ्याला शंका आकड्याची येत नाही, नंतर गुपचूप बदललेल्या आकड्याची येते. आणखी एक खाच आहे. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. जुन्यातली धड कौलं एका बाजूला गोळा करावीत, नवी सगळी दुसऱ्या बाजूला घालावीत. सरमिसळ केली की पहिल्याच पावसात पाणी आत येतं आणि अनुदान वाया गेलं असं देणारा म्हणतो. पन्हळ बदलायची असेल तर ती याच अंदाजपत्रकात घ्या. पन्हळीसाठी वेगळा अर्ज कोणी वाचत नाही.

वेळेचं गणित तर हमखास चुकतं. मे महिन्यात मंजुरी आणि जूनमध्ये पैसे आले तर कोकणात त्या पैशांचं करणार काय? गवंडी आणि सुतार शेतीच्या कामाला गेलेले असतात, मृगाचा पाऊस डोक्यावर असतो. अर्ज दिवाळीच्या सुमारास जावा, रक्कम जानेवारीत हाती यावी आणि छप्पर एप्रिलअखेर झाकलेलं असावं. मे महिना हाताशी राखून ठेवा, तो लागतोच.

आता सर्वांत नाजूक भाग. इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद या शहरांतून दरवर्षी माणसं येतात. आजोबांची कबर शोधतात, पूर्वज किनाऱ्याला लागले असं मानतात त्या नवगावला जातात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला मलिदा, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या नावानं गोड पोह्यांचा नैवेद्य, करतात आणि निघताना विश्वस्तांच्या हातात पाच हजार रुपये ठेवतात. रुपयेच आहेत, देणारा आपलाच, मराठी बोलणारा, आडनाव पेणकर किंवा किहीमकर. तरीही कायद्याच्या नजरेत ती परकीय देणगी आहे. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचं नियमन करणारा कायदा, नागरिकत्व बघतो. देणाऱ्यानं परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर तो परकीय स्रोत ठरतो, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. रक्कम छोटी आहे म्हणून सूट नाही. इथल्या चुलतभावाच्या खात्यातून फिरवून आणली तरी ती परकीयच राहते. उलट, परदेशात नोकरी करणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परकीय देणगी होत नाही. म्हणून पावती फाडण्याआधी पासपोर्ट कुठला हे विचारावं. प्रश्न आगाऊ वाटतो खरा, पण तो टाळून चालत नाही.

मग परकीय देणगी घेता यावी म्हणून या कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी का? नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं आपल्या उद्दिष्टांवर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. गावातल्या सिनेगॉगच्या ट्रस्टला हा आकडा झेपण्यासारखा नाही. एका ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी घेण्याची वाट आहे, पण तिला देणाऱ्याचं लेखी वचनपत्र आणि कामाचा पूर्ण तपशील लागतो. पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ हे विवरण भरावं लागतं, नोंदणीकृत संस्थेकडे वर्षभरात एक रुपया आला नसला तरीही. पन्नास हजारांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

पूर्वी सोय अशी होती की मुंबईतली नोंदणी असलेली संस्था परदेशातून निधी घ्यायची आणि गावातल्या ट्रस्टला त्यातला वाटा द्यायची. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनं ते बंद केलं. परकीय निधी एका संस्थेनं दुसरीला द्यायचा नाही. पण मोठी संस्था स्वतःच्या कार्यक्रमाखाली गावात स्वतः खर्च करू शकते. कामाचा करार तिच्या नावानं होतो, बिल तिच्या नावावर फाटतं आणि चेक तिच्या खात्यातून थेट कंत्राटदाराला जातो. गावातला ट्रस्ट जागा देतो, कामावर नजर ठेवतो आणि पैशाला हात लावत नाही. कार्यालयीन खर्चावरही मर्यादा आहे. वर्षभरात आलेल्या परकीय रकमेच्या वीस टक्क्यांच्या वर तो जाता कामा नये.

देशातल्या देशात पैसे मिळाले तर हे सगळं टळतं, म्हणून आधी ठाणे, मुंबई आणि पुण्यातल्या भारतीय दात्यांकडे जावं. तिथे अडचण वेगळीच निघते, ती ट्रस्टच्या स्वतःच्या कागदांची. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत विश्वस्त म्हणून सात नावं असतात. त्यांतले तिघे वारलेले, दोघे इस्रायलला स्थायिक. बँकेत सही चालते ती वारलेल्यांपैकी एकाची. अशा खात्यात मंजूर झालेला चेक वटून उपयोग काय? पैसे बाहेर निघत नाहीत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेला असेल तर विलंब माफीच्या विनंतीसह द्या. अनुदानाचा अर्ज करण्याच्या एक वर्ष आधी हे उरकावं. मृत्यूचे दाखले, राजीनामे, सभेचं इतिवृत्त आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं ही जुळवाजुळव महिन्याभरात होत नाही.

इमारतीखेरीज अनुदानं जातात ती सणांसाठी, मुलांच्या हिब्रूच्या वर्गांसाठी आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यासाठी. पेसाह या ज्यूंच्या वसंतातल्या सणाच्या सामुदायिक जेवणाचं अंदाजपत्रक घ्या. मत्सा म्हणजे बिनखमिराची रोटी, सरबतासाठी काळे मनुके, तांदूळ, कोंबड्या एवढं सगळे लिहितात. धर्मनियमानुसार कोंबड्या कापणाऱ्या शोहेतचं मानधन आणि त्याचा मुंबईहून येण्याचा खर्च विसरतात. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, ते जमवायचे तर ठाण्याहून सतरा सीटर ट्रॅव्हलर लागते. सण सूर्यास्ताला सुरू होतो आणि त्यात प्रवास करत नाहीत, म्हणून ती सूर्यास्तापूर्वी पोचायला हवी आणि सण पाळणारी माणसं असतील तर त्यांचा दोन रात्रींचा मुक्काम धरावा लागतो, कारण इस्रायलबाहेर पेसाहचे सुरुवातीचे दोन दिवस पाळले जातात. मुक्कामाचा आकडा नसलेलं अंदाजपत्रक निम्म्यानं चुकलेलं असतं.

ज्यू पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना येतो, त्यामुळे पेसाह मार्चअखेर ते एप्रिलअखेर सरकत राहतो. २०२६मध्ये तो १ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला, म्हणजे बहुतेक खरेदी मार्चमध्ये, जुन्या आर्थिक वर्षात, आणि मानधन नव्या वर्षात. हिशेब दोन वर्षांत तुटणार हे करार करतानाच देणाऱ्याला लिहून कळवा. नाहीतर ३१ मार्चला अर्धी रक्कम अखर्चित दिसते आणि परत मागितली जाते.

सणाच्या दिवशी पैशाला शिवत नाहीत, लिहीत नाहीत, फोटो काढत नाहीत. देणारा मात्र कार्यक्रमाचे फोटो मागतो, बिलांवर सह्या मागतो. त्याला आधीच सांगून ठेवावं. मांडलेल्या मेजाचा, रचलेल्या ताटांचा फोटो दिवस मावळायच्या आत घ्यावा. आचारी, भाडोत्री भांडी, गाडी यांचे पैसे सूर्यास्तापूर्वी चुकते करावेत, नाहीतर सण उलटल्यावर. सणाच्या तारखेची पावती समाजातल्या माणसाच्या सहीनिशी आली तर जाणकार देणाऱ्याला ती खटकते, आणि खटकावीच.

पैसे मंजूर कामावरच खर्च झाले हे सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र देताना बिलांच्या प्रती मंजूर बाबींच्या क्रमानं लावाव्यात, दुकानांच्या क्रमानं नाहीत. कौलांतून दोन-तीन हजार उरले आणि पायरीचा दगड निखळलेला दिसतो, तरी ते पैसे पायरीला लावण्याआधी देणाऱ्याला चार ओळींचं पत्र पाठवावं. होकार सहसा मिळतो. तो लेखी घ्यावा आणि प्रमाणपत्राला जोडावा.

नमस्कार.