ट्रम्पेट खाली ठेवल्यावर

(दृश्य: रस्त्यावरून जाणारा रेल्वेपूल, खाली फळवाल्यांच्या गाड्या, स्पॅनिश पाट्या)

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही वस्ती. नाव कोरोना. हो, हेच नाव, आणि तो आजार यायच्या कितीतरी आधीपासूनचं. डोक्यावरून सात नंबरची गाडी धडधडत जाते. १०७व्या रस्त्याला वळलं की विटांचं एक घर लागतं, शेजारच्या घरांसारखंच. जॅझचा जगप्रसिद्ध ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग या घराचा मालक होता. इथे राहायचा म्हणणं जरा जास्तच होईल, कारण वर्षातल्या तीनशेच्या आसपास रात्री तो कुठल्या ना कुठल्या परगावी वाजवत असायचा.

घर निवडलंही त्याने नव्हतं. १९४३ मध्ये तो दौऱ्यावर असताना त्याच्या बायकोने, ल्युसिलने, ते परस्पर घेऊन टाकलं. दौरा संपवून लुई टॅक्सीने दारात आला, घराकडे बघितलं आणि टॅक्सीवाल्याला म्हणाला, जरा थांब. हे आपलं घर आहे यावर त्याचा विश्वासच बसेना. पुढे पैसा आला, जगभर नाव झालं, पण त्याने वस्ती सोडली नाही.

(दृश्य: निळं स्वयंपाकघर, आरसेच आरसे असलेलं न्हाणीघर, सोनेरी नळ, जिना, वरच्या मजल्यावरची खोली)

न्हाणीघर बघून घ्या. सगळे पाहुणे इथेच फोटो काढतात. आपल्याला मात्र वर जायचंय.

ही लुईची खोली. भिंतीवर त्याचं चित्र आहे, गायक टोनी बेनेटने काढलेलं. आणि ही टेप यंत्रं. १९५०च्या डिसेंबरमध्ये लुईने रीळ फिरणारं टेप रेकॉर्डर विकत घेतलं आणि तिथून पुढे मरेपर्यंत तो स्वतःला ध्वनिमुद्रित करत राहिला. मागे सुमारे सातशे टेप राहिल्या. दौऱ्यावर जाताना कपड्यांच्या सामानाबरोबर ही यंत्रंही जायची. कार्यक्रम आटोपून मध्यरात्री हॉटेलात परतला की मित्र जमायचे, खाणंपिणं व्हायचं, आणि कोपऱ्यात रीळ फिरत असायचं. जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या आठवणी, बँडमधल्या पोरांची चेष्टा, चारचौघांत न सांगण्याजोगे विनोद, ल्युसिलशी झालेली वादावादी. मध्येच स्वतःची जुनी रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर ट्रम्पेट वाजवणं. सगळं टेपवर.

(दृश्य: टेपच्या चौकोनी पेट्या, जवळून. कात्रणं, फोटो, पिवळी पडलेली चिकटपट्टी)

आणि या पेट्या. प्रत्येक रिळाची पेटी तो हाताने सजवायचा. वर्तमानपत्रातली कात्रणं, चाहत्यांनी पाठवलेले फोटो, तारा, कार्यक्रमपत्रिका, जे हाताशी असेल ते कात्रीने कापायचं, मांडायचं आणि वरून चिकटपट्टी मारायची. बऱ्याच ठिकाणी ती चिकटपट्टीच नक्षी झालीय. पेट्यांना क्रमांक, कुठल्या रिळावर काय आहे याची स्वतःच्या अक्षरात यादी. शाळा फार शिकला नव्हता हा माणूस. नववर्षाच्या रात्री रस्त्यावर पिस्तूल झाडलं म्हणून अकरा वर्षांच्या लुईला कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात टाकलं होतं. तिथल्या बँडने त्याला वाजवायला शिकवलं. कारकुनी मात्र तो स्वतःच शिकला, आणि ती अशी की आज संग्रहालयातल्या अभ्यासकांना हेवा वाटावा.

एवढा खटाटोप कशासाठी? आमचं मत असं: मंचावर दिसायचा तो लुई लोकांना पुरेसा वाटत होता, त्याला स्वतःला वाटत नव्हता.

(दृश्य: मंचावरची चित्रफीत. रुमाल, घाम, मोठं हसू)

हे ते प्रसिद्ध हसू. याच हसण्यावरून त्याला बोलणी बसली. तरुण कृष्णवर्णीय वादकांना वाटायचं, गोऱ्यांना खूश करायला हा दात काढतो. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी तर त्याला मळ्यावरच्या गुलामीच्या काळातलं पात्र म्हणाला होता. पुढे डिझीने आपलं मत बदललं. वर्णद्वेषाच्या रागालाही आपला आनंद हिरावू न देणं, असा त्या हसण्याचा अर्थ त्याने लावला. दोघं राहायचे याच कोरोनात, दोनतीन गल्ल्यांच्या अंतरावर. आपल्याकडेही त्या हसण्याची, त्या खरखरीत आवाजाची नक्कल होत होती. गोव्यातल्या अल्दोन्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे ताजमध्ये बँड घेऊन उभे राहणारे चिक चॉकलेट, यांना लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. रुमालासकट.

(दृश्य: जुनी बस, १९३०च्या दशकातले रस्ते)

दौरा म्हटलं की आपल्याला दिवे आणि टाळ्या दिसतात. लुईच्या बँडचा दौरा म्हणजे भूक लागली तरी कुठल्या खाणावळीत शिरायचं नाही आणि झोप आली तरी कुठल्या हॉटेलात विचारायचं नाही. १९३१ मध्ये मेम्फिसला बस थांबली आणि पोलिसांनी अख्खा बँड तुरुंगात घातला. कारण काय, तर व्यवस्थापकाची गोरी बायको बसमध्ये काळ्या गिटारवादकाशेजारी बसली होती. सुटका झाल्यावर त्याच गावात कार्यक्रम झाला. लुईने एक गाणं मेम्फिसच्या पोलिसांना अर्पण केलं. गाण्याचा आशय, लबाडा, तू मेलास की मला आनंद होईल. तो हे हसत हसतच गायला असणार.

नाव झाल्यावर त्याने करारात अट घालून घेतली: जिथे मला राहू देणार नाहीत, तिथे मी वाजवणार नाही.

(दृश्य: छायाचित्र. पांढऱ्या गणवेशातले बेसबॉल खेळाडू. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो)

हा फोटो आमचा लाडका, म्हणून तो जरा जास्त वेळ ठेवलाय. साल तेच, १९३१. गाव न्यू ऑर्लिन्स, लुईचं जन्मगाव. नऊ वर्षांनी तो इथे परतला, स्वतःच्या नावाचा बँड घेऊन. कार्यक्रम होता गोऱ्यांच्या क्लबात. तिथून तो रेडिओवरही जाणार होता, पण काळ्या माणसाचं नाव उच्चारायला गोरा निवेदक तयार होईना. लुईने ध्वनिक्षेपक घेतला आणि स्वतःची ओळख स्वतःच करून दिली. आत गोरे श्रोते. बाहेर नदीच्या बांधावर हजारो काळे लोक उभे, उघड्या खिडक्यांतून येईल तेवढं ऐकत.

त्याच मुक्कामात त्याने गावातल्या पोरांच्या बेसबॉल संघाला नवेकोरे पांढरे गणवेश घेऊन दिले. छातीवर आर्मस्ट्राँग. संघाचं नाव सिक्रेट नाइन. त्या काळी मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये काळ्या खेळाडूला जागा नव्हती. ही बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरायला अजून सोळा वर्षं होती. पण गल्लीगल्लीत संघ होते आणि रविवारी मैदानं भरायची. लुई नंतर सांगायचा, पोरं हरली ती कपड्यांपायी. बेसबॉलमध्ये तळ, म्हणजे बेस, गाठायला मातीत घसरत जावं लागतं, आपल्या खो-खोत खांबाकडे सूर मारतात तसं. एवढा सुंदर गणवेश मळवायचा कोणी? कुणीही घसरेना.

(फोटो तसाच राहतो. पार्श्वभूमीला ट्रम्पेट. निवेदन नाही.)

मुक्कामाच्या शेवटी आपल्या लोकांसाठी एक कार्यक्रम ठरवला होता. तो ऐनवेळी रद्द झाला.

(दृश्य: न्यू ऑर्लिन्समधला फुटबॉल सामना, १९५६, विधानभवनाची इमारत)

आता पंचवीस वर्षं पुढे. जानेवारी १९५६, न्यू ऑर्लिन्समधला शुगर बोल, अमेरिकन फुटबॉलचा मोठा सामना. पिट्सबर्ग विद्यापीठाकडून बॉबी ग्रायर उतरला, या सामन्यात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय. दक्षिणेत गहजब. त्याच वर्षी लुइझियाना राज्याने कायदा केला: काळ्यागोऱ्यांनी एकत्र खेळायचं नाही, नाचायचं नाही, करमणुकीचा कार्यक्रम करायचा नाही. मैदान आणि मंच एकाच दावणीला. लुईच्या बँडमध्ये ट्रम्मी यंग ट्रॉम्बोन वाजवायचा, तो काळा. ड्रमवर बॅरेट डीम्स, तो गोरा. म्हणजे लुईने आपल्याच गावात आपल्याच बँडबरोबर वाजवणं गुन्हा ठरला. मग मी येतच नाही, म्हणाला तो.

कायद्याला न्यायालयात कोणी ओढलं? एका मुष्टियोद्ध्याने. न्यू ऑर्लिन्सच्या जो डॉर्सीने. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढू देत नाहीत म्हणून तो खटला लढला. १९५८ मध्ये न्यायालयाने खेळांवरची ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. डॉर्सीचं नाव आज फारसं कोणाला आठवत नाही. आमच्याकडेही त्याचं चित्रण नाही, नाहीतर तो इथे अजून दिसला असता.

(दृश्य: लिटल रॉक, सप्टेंबर १९५७. शाळेकडे चालत जाणारी एकटी मुलगी, मागे ओरडणारा जमाव. वीस सेकंद, निवेदन नाही.)

आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत शिरू न देण्यासाठी गव्हर्नर फॉबसने बंदूकधारी शिपाई उभे केले. अध्यक्ष आयझेनहॉवर गप्प होते. त्या दिवसांत लुई उत्तरेकडे, नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला होता. ज्या न्यायाधीश डेव्हिसनी मुलांना शाळेत घ्या असा आदेश दिला होता, ते याच गावचे. एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी तिथल्या दैनिकात काम करायचा. मुलाखत घे, पण राजकारण विचारू नकोस, असं संपादकाने बजावलं होतं. हॉटेलातल्या माणसाला हाताशी धरून तो लुईचं जेवण घेऊनच खोलीत शिरला. आणि विचारायचं नव्हतं तेच त्याने विचारलं.

लुई फुटला. दक्षिणेत माझ्या लोकांना जसं वागवतायत ते बघता सरकार गेलं खड्ड्यात, म्हणाला. आयझेनहॉवर दुतोंडी आहेत, त्यांच्यात हिंमत नाही. फॉबससाठी वापरलेला शब्द छापण्याजोगा नव्हता. दोघांनी बसून त्याजागी अडाणी नांगऱ्या असा शब्द बसवला. राष्ट्रगीताची पहिली ओळ त्याने शिव्या घालून गाऊन दाखवली, ती बातमीत आली नाही. सरकारतर्फे सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जायचं घाटत होतं, त्यालाही नकार.

हा हसरा लुई असं बोलला यावर वृत्तसंस्थेचा विश्वास बसेना. पोरगा दुसऱ्या दिवशी लिहिलेला मजकूर घेऊन परत गेला. लुईने वाचला. यातलं काही काढू नका, मी हेच बोललोय आणि आताही हेच म्हणतो, असं सांगितलं. खाली सही ठोकली. त्याच्या दौऱ्याच्या व्यवस्थापकाने पत्रकारांना सांगून टाकलं की लुईला पश्चात्ताप झालाय. लुईने तेही खोडून काढलं.

पुढे काय झालं? मिसिसिपीतल्या एका रेडिओ केंद्राने त्याच्या रेकॉर्ड फेकून दिल्या, बहिष्काराच्या हाका झाल्या, काही कृष्णवर्णीय कलाकारही त्याच्यावर उलटले. आठवड्याच्या आत आयझेनहॉवरनी लिटल रॉकला सैन्य पाठवलं. लुईच्या बोलण्यामुळेच पाठवलं असं आम्ही म्हणणार नाही. त्याने मात्र अध्यक्षांना तार केली: मुलांबरोबर शाळेत चालत जायचं ठरवलंत तर मलाही बरोबर घ्या.

मोर्च्यात तो कधी उतरला नाही. तोंडावर एक फटका बसला की ट्रम्पेटवाला संपला, हे त्याचं कारण. त्याचे ओठ ज्यांनी जवळून पाहिले असतील त्यांना ते पटेल. १९६५ मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मात पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना केलेल्या मारहाणीचा प्रसंग त्याने कोपनहेगनला दूरचित्रवाणीवर पाहिला आणि म्हणाला, येशू काळा असता आणि मोर्च्यात चालला असता, तर त्यालाही यांनी मारलं असतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो न्यू ऑर्लिन्सला परतला. काळ्यागोऱ्यांचा बँड घेऊन.

(दृश्य: टेनिसचं स्टेडियम, वरून. मिटणारं छप्पर, निळं कोर्ट)

लुईच्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर हे स्टेडियम आहे. १९६४च्या जागतिक मेळ्यासाठी बांधलेलं. लुई १९७१ मध्ये गेला, त्यानंतर दोन वर्षांनी त्याला त्याचं नाव दिलं. १९७८ पासून यूएस ओपन इथे होते. जुनं पाडून २०१८ मध्ये नवं उभं राहिलं, सुमारे चौदा हजार खुर्च्यांचं. शेजारचं मोठं स्टेडियम आर्थर अॅशच्या नावाचं. अॅश निदान टेनिस खेळायचा. समालोचक दिवसभर सांगत असतात, आर्मस्ट्राँगवर सामना सुरू झाला, आर्मस्ट्राँगवर पाऊस आला, छप्पर मिटतंय. कितीतरी प्रेक्षकांना हा कोणी जुना विजेता वाटत असणार. कोणी विचारलंच तर त्यांना १०७व्या रस्त्याचा पत्ता द्या, संग्रहालय उघडं असतं.