आईचे वीस टक्के

मंडळी, धंदा चालवणारा बाप गेला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आता गादीवर कोण? निदान तो उघडपणे विचारला तरी जातो. आई गेली की तसं कुणी विचारतच नाही. तिला पदच नव्हतं, मग जागा रिकामी झाली हे कळणार कसं?

ती करायची काय? निरोप पोचवायची. खरं तर निरोप गाळायची. थोरला रागाच्या भरात म्हणायचा, ‘त्याला हिशेबातलं ओ की ठो कळत नाही.’ धाकट्याच्या कानावर जाईपर्यंत त्याचं व्हायचं, ‘दादा म्हणतोय, हिशेब एकदा दोघांनी बसून बघू.’ ही गाळणी गेली की शब्द जसाच्या तसा पोचतो. पुढेपुढे तर वकिलामार्फत.

युरोपातल्या रॉथशिल्ड या सावकारी घराण्याच्या पेढ्या पाच भावांनी पाच शहरांत चालवल्या: फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स, पॅरिस. वडील १८१२ साली गेले. आई गुटले त्यानंतर सदतीस वर्षं जगली, १८४९ साली पंचाण्णवाव्या वर्षी वारली. मुलांनी हवेल्या बांधल्या, पण तिनं फ्रँकफर्टच्या ज्यू वस्तीतलं जुनं अरुंद घर सोडलं नाही. पेढ्या भागीदारीच्या करारांनी बांधलेल्या होत्या, हे खरंच. पण पाचही जणांना ‘घरी’ म्हणून जायला ठिकाण एकच होतं, याला कुठल्या करारात कलम असतं?

आता जरा रुक्ष हिशेब. वडील आधीच गेलेले. दोन भावांचे चाळीस-चाळीस टक्के, आईचे वीस. भावांचं पटलं नाही तर आई जिकडे झुकेल तिकडे निर्णय. आई गेली आणि वाटा निम्मानिम्मा झाला, तर पन्नास-पन्नास. गाडा तिथेच रुतला. बहीणही असेल आणि तिघांना सारखं मिळालं, तर भावांचे प्रत्येकी ४६.६७ टक्के आणि बहिणीचे ६.६७. वाटा चिमूटभर, पण दोघे अडले की कौल तिचा. जिला आजवर बैठकीला कुणी बोलावलं नाही, तिच्या दारात आता दोघेही उभे. तिला धंद्यातलं कळत नाही, असं ते दोघे कालपर्यंत म्हणत होते. पहिली भाऊबंदकी पुष्कळदा इथेच पेटते, आणि नाव मात्र सुनांचं होतं.

म्हणून आई धडधाकट असतानाच मृत्युपत्र करावं, तिच्या वाट्याचा मतदानाचा हक्क कुणाकडे जाणार ते लिहून ठेवावं, असं मी सांगत असतो. माना डोलतात. मग घरी विषय काढायचा कुणी? ‘बरं दिसत नाही’ म्हणून थोरला गप्प, ‘दादाला काय वाटेल’ म्हणून धाकटा गप्प. शेवटी दोघेही वेगवेगळे आईकडेच जातात आणि म्हणतात, तूच काढ ना विषय.